देव बोलत नाहीये आणि रविवार तर जवळ आलाय

शनिवारची रात्र आहे, उद्या सकाळी संडे स्कूलची मुलं येणार, धडा अजून काढायचाय, आणि अर्धा तास गुडघ्यावर बसून झालं तरी आतून काही म्हणजे काही येत नाहीये. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. असं एकदा झालं तर माणूस म्हणतो दमलो असेन, पण महिनामहिना हेच चाललं की मग मनात घर करतं की ज्याच्यासाठी हे सगळं करतोय तो ऐकतोय तरी का, आणि ऐकत असेल तर एक शब्द बोलायला त्याचं काय जातं.

माझी जवळजवळ पावणेदोन वर्षं अशी गेली. त्या काळात सेवा सोडली नाही हे खरं, पण त्यात शहाणपणापेक्षा हट्टच जास्त होता आणि चुकाही भरपूर केल्या. त्यातून जे हाताला लागलं ते लिहितेय. एक आधीच क्लिअर करते, देवाला बोलतं कसं करायचं हे यात नाहीये. तशी काही ट्रिक असती तर बायबलमधल्या ईयोबाला, सगळं गमावून देवाला का म्हणून विचारणाऱ्या त्या माणसाला, देव बोलायची ३८व्या अध्यायापर्यंत वाट बघावी लागली नसती. हे फक्त एवढ्यासाठी आहे की तो गप्प असताना उद्या सकाळचं काम नीट कसं करायचं, आणि करताना स्वतःशी आणि लोकांशी खोटं न वागता कसं करायचं. दुसरा भाग जास्त अवघड आहे, त्यावर मी जास्त बोलणार आहे.

आधी बघा हे मौन आहे की थकवा

एलीया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, म्हटलं की सगळ्यांना देवाचा तो मंद आवाज आठवतो. पण बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय सुरुवातीपासून वाचा. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने नुकताच आकाशातून अग्नी पडलाय, एवढं मोठं काम झालंय, आणि ईजबेल राणीची एक धमकी आली तसा हा माणूस जीव घेऊन पळाला, रानात जाऊन एका झुडपाखाली पडला आणि म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. तिथे देवाने त्याला उपदेश केलेला नाही. दूत आला, हात लावून उठवलं, म्हणाला ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. दूताने परत उठवलं, परत खायला लावलं. मग ४० दिवस चालून होरेब डोंगर, आणि बोलणं त्याच्यानंतर. म्हणजे पहिली मदत झोप आणि जेवण ही होती, आणि ती एकदा नाही, दोनदा.

म्हणून पहिलं काम हे करा की दोन आठवडे झोप किती होते ते लिहून ठेवा, नुसता अंदाज नको, खरंच लिहा. सेवेची एकही जबाबदारी नसलेला पूर्ण दिवस शेवटचा कधी मिळाला ते आठवा. किती ठिकाणी नाव दिलंय ते मोजा. मी मोजलं तेव्हा पाच ठिकाणी निघालं, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मी का आहे हे मलाच सांगता येईना.

आणि हे पण बघा की फक्त प्रार्थनाच कोरडी झालीय की सगळंच बेचव झालंय. आवडतं गाणं, जवळची माणसं, जेवण, हसणं, कशातच काही वाटत नसेल आणि हे दोनतीन आठवडे सलग चाललं असेल तर डॉक्टरकडे जा, ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. विश्वास कमी पडला म्हणून हे होत नाही. आणि एलीयासारखं मरावंसं वाटत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आजच्या आज जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा, बाकीचं नंतर वाचता येईल.

दुसरी तपासणी पापाची. ती करायचीच, पण एका संध्याकाळी बसून करून टाकायची. काही ठळक दिसलं, कुणाचं देणं, कुणाशी अबोला, काही लपवलेलं, तर ते निस्तरा. काही दिसलं नाही तर उठा. वर्षभर स्वतःला उकरत बसू नका, आणि दुसऱ्यांनाही तुम्हाला उकरू देऊ नका. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस नुसते त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, एक शब्द बोलले नाहीत, माझ्या मते तीच त्यांनी केलेली सगळ्यात चांगली सेवा. तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार सुरू झालं, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर.

शेवटचं काय सांगितलं होतं ते शोधा

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा १६वा अध्याय संपतो तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा आहे आणि १७वा सुरू होतो तेव्हा ९९. दोन अध्यायांच्या मधल्या त्या कोऱ्या जागेत १३ वर्षं आहेत आणि त्या वर्षांत देव त्याच्याशी काही बोलला असं कुठे लिहिलेलं नाही. आपण पान उलटतो आणि पुढे जातो. त्याला मात्र ते रोज सकाळी उठून जगावं लागलं.

योसेफाचंही तसंच, भावांनी विकलं ती १७ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट आणि मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३०. त्याच्या गोष्टीत परमेश्वर त्याच्याबरोबर होता असं परत परत येतं, पण नीट बघा, ते आपल्याला, वाचणाऱ्याला सांगितलंय, तुरुंगात बसलेल्या योसेफाला येऊन कुणी सांगितल्याचं लिहिलेलं नाही. अब्राहामाशी किंवा याकोबाशी देव जसा थेट बोलला तसा योसेफाशी बोलल्याचा एकही प्रसंग नाही. आणि त्या तुरुंगात तो काय करतोय? दिलेलं काम. एका सकाळी दोन कैद्यांची तोंडं उतरलेली दिसली तर त्याने विचारलं, आज का उदास आहात. स्वतः विनाकारण आत सडतोय आणि दुसऱ्याचा चेहरा बघायला याला सवड आहे! नंतर त्या दोघांतला एक, राजाचा प्यालेबरदार, सुटला आणि याला साफ विसरला, पुढे आणखी दोन वर्षं गेली. पण ती चेहरा बघायची सवय गेली असती तर पुढची गोष्टच घडली नसती.

तर करायचं असं की एक वही घ्या आणि आपल्या सेवेबद्दल लिहून काढा, ही मला कुणी दिली, कधी दिली, आणि नेमकं काय करायला सांगितलं होतं. स्वप्न नको, व्हिजन नको, नेमकं काम. मी लिहिलं तेव्हा मलाच हसू आलं, कारण माझ्या संडे स्कूलची सुरुवात कुठल्याही आवाजाने झालेली नव्हती. आधीच्या शिक्षिकेचं बाळंतपण होतं, पाळकांनी विचारलं तीन महिने बघशील का, मी हो म्हटलं, आणि ते तीन महिने नऊ वर्षं चाललेत. म्हणजे सुरू करताना आवाज लागला नाही, आणि आता आवाज नाही म्हणून सोडायचं चाललंय, हा कुठला न्याय.

इथे मला जखऱ्या फार जवळचा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला म्हातारा याजक, म्हणजे मंदिरात सेवा करणारा. याजकांचे २४ वर्ग होते, हा अबीयाच्या वर्गातला, म्हणजे आठव्या. वर्गाची पाळी आली की जायचं, आणि धूप जाळायला आत कुणी जायचं ते चिठ्ठी टाकून ठरायचं. घरात मूल नाही, दोघं म्हातारे झाले, मागितलेलं मिळालेलं नाही. आणि लूक मुद्दाम आधीच सांगून टाकतो की दोघं देवासमोर नीतिमान होते, म्हणजे मूल नाही ही शिक्षा नव्हती. हा माणूस आपली पाळी आली म्हणून गेला, चिठ्ठी निघाली म्हणून आत शिरला. आज काहीतरी होणार असं वाटून गेलेला नाही, इतका नाही की खरंच दूत दिसला तेव्हा घाबरला, आणि तुला मुलगा होईल हे दूताने सांगितलेलं त्याला खरंच वाटेना.

मला वाटतं आपल्यातल्या बहुतेकांच्या सेवेला आधार तेवढाच असतो, पाळी आहे म्हणून गेलो. फीलिंग असो नसो, रोस्टरवर नाव आहे. हे ऐकायला रूक्ष वाटतं, मला आधी वाटायचंच, ही काय भक्ती झाली, ही तर ड्युटी. आता वाटत नाही.

न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगू नका

हा मुद्दा मी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता आणि मला सगळ्यात महाग पडला, म्हणून इथे थोडं थांबते.

देव गप्प असला की सेवा करणाऱ्यावर एक वेगळंच प्रेशर येतं. साधा विश्वासणारा मागच्या रांगेत गप्प बसू शकतो, पण तुमच्याकडे लोक बघत असतात, ताई सांगा ना देव काय म्हणतोय. आणि आपल्याकडे सांगायला काही नसतं. मग जीभ सरावाने चालते. एका प्रार्थनासभेत सगळ्यांनी साक्षी दिल्या, प्रत्येकाला देवाने काही ना काही सांगितलेलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मी पण म्हणून टाकलं की देवाने मला सांगितलंय की तो यावर्षी दार उघडणार आहे. त्याने काही सांगितलं नव्हतं. कोरं होतं सगळं. पण म्हणताना आवाज मात्र छान भरून आला होता.

मागे एक मुलगी बसली होती, तिने ते स्वतःसाठी घेतलं. हातात आलेलं एक चांगलं काम तिने नाकारलं, कारण मोठं दार उघडणार आहे, ताईंना देवाने सांगितलंय. चारपाच महिन्यांनी मला विचारते, ताई अजून किती थांबू? त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. तिने माफ केलं, रडली पण नाही. फक्त त्यानंतर ती माझ्याकडे प्रार्थनेसाठी आली नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय मी त्यानंतर वाचला. यरुशलेम पडलंय, उरलेसुरले लोक घाबरून त्याच्याकडे आलेत, देवाला विचार आम्ही कुठे जाऊ. तो म्हणाला विचारतो. आणि मग लिहिलंय की दहा दिवसांनी परमेश्वराचं वचन त्याला आलं. दहा दिवस! बाबेलचे लोक कधी येतील याची भीती, सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत, रोज कुणीतरी विचारत असेलच की काही कळलं का, आणि हा इतका जुना संदेष्टा, ज्याला देव काय बोलतो त्याचा अंदाज एव्हाना चांगला यायला हवा, तो अंदाजाने एक ओळ बोलत नाही. उलट बाजूला शौल राजा, याला देव उत्तर देईना, स्वप्नाने नाही, संदेष्ट्यांकडून नाही, तर हा रात्री वेष पालटून एन-दोर गावी भूतविद्या करणारीकडे गेला. आपण काही तिकडे जात नाही, पण शांतता सहन होत नाही म्हणून कुठलाही आवाज चालेल, हा शौलाचा रोग सभेत माईक हातात असतानासुद्धा होतो.

मग बोलायचं काय? मी स्वतःसाठी काही वाक्यं ठरवून घेतली. देवाने सांगितलंय याच्या जागी मला वाटतं. कुणी विचारलं देव तुझ्याशी काय बोलतोय सध्या, तर सध्या शांत आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. आजारी माणसाने विचारलं माझ्याच बाबतीत असं का, तर मला माहीत नाही, मी थोडा वेळ इथे बसते. आणि बसायचं खरंच, फोन पिशवीत ठेवून. शिकवताना जे लिहिलेलं आहे तेच शिकवायचं, आपल्या अनुभवाची फोडणी द्यायची नाही, लिहिलेलं पुरतं. प्रार्थना चालवायची असेल आणि स्वतःचे शब्द सुकले असतील तर स्तोत्र उघडून सावकाश वाचायचं, एवढंच. मला वाटलं होतं लोक म्हणतील काय ही वाचून प्रार्थना करते, उलट एका आजोबांनी विचारलं कुठलं होतं ते, परत वाचायचंय.

तक्रार करायची, पण त्याच्याकडे

८८वं स्तोत्र माहीत असेल. बाकीच्या बहुतेक तक्रारींच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, १३वंच बघा, सुरुवातीला चारदा कुठवर कुठवर आणि सहाव्या ओवीत गाणं. ८८वं वळत नाही. अंधारातच संपतं. कुणीतरी शेवटी एक आशेची ओळ घुसडायला हवी होती असं वाटावं इतकं. पण त्याचं शीर्षक वाचा, कोरहाच्या वंशजांचं, मुख्य गवयासाठी, हेमान एज्राही याचं. मुख्य गवयासाठी, म्हणजे हे कुणाच्या खाजगी वहीतलं रडगाणं नाही, कॉयरला दिलेलं आहे, उपासनेत म्हणायला. सेवेत असलेल्या माणसांनी सेवेच्या जागी उभं राहून अंधार म्हणायचा, याची सोय शास्त्राने स्वतः करून ठेवलीय. आणि आपल्या मराठी संतांनी तरी देवाला काय कमी बोल लावलेत, रुसलेत, भांडलेत, तू आहेस तरी का इथपर्यंत गेलेत, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच्यापुढेच उभे.

माझी पद्धत अशी होती, वाटलं तर घ्या. धडा काढायच्या आधी दहा मिनिटं टायमर लावायचा, वहीत तारीख टाकायची आणि त्याला तू म्हणून लिहायचं. तू गप्प का आहेस. तू त्या आजींना बरं का केलं नाहीस. मला उद्या वीस मुलांपुढे उभं राहायचंय आणि माझ्याकडे काही नाही, हे तुला दिसतं का. टायमर वाजला की वही बंद, धडा सुरू. यातला तू महत्त्वाचा आहे. तू आहे तोवर ती प्रार्थना आहे, कोरडी का होईना. तो असा आणि तो तसा सुरू झालं की त्याच्या पाठीमागे बोलणं झालं, आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा स्टेटसला जायला वेळ लागत नाही. मी दोनदा तसं स्टेटस टाकलं, लोकांचे सांत्वनाचे इमोजी आले आणि रात्री आणखीच एकटं वाटलं.

एक सल्ला मला पटत नाही तोही सांगून टाकते, की आवाज वाढवा, जोरात स्तुती करा, म्हणजे जाणवायला लागेल. काहींना होत असेल उपयोग. मला दुसऱ्या दिवशी घसा बसण्याशिवाय काही मिळालं नाही.

काय धरायचं आणि काय ठेवून द्यायचं

१६व्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताचा एक नियम आहे की मन कोरडं आणि उदास असतं तेव्हा आधी चांगल्या मनःस्थितीत घेतलेला निर्णय बदलायचा नाही. सोपा आहे, पाळायला मात्र कठीण, कारण राजीनामा लिहावासा वाटतो तो नेमका त्याच वेळी, रात्री साडेअकराला. मी ड्राफ्ट लिहिलाय, एकदा नाही, बऱ्याचदा. सेव्ह करायचा, सेंड नाही, आणि चार आठवडे झोप झाल्यावर परत वाचायचा.

पण निर्णय बदलायचा नाही याचा अर्थ सगळं ओझं तसंच वाहायचं असा नाही. मी एक प्रश्न लावला, मी गेले नाही तर कोण ताटकळत बसेल? मुलं बसतील. अंथरुणाला खिळलेल्या त्या दोन बायका, ज्यांच्याकडे मी गुरुवारी जाते, त्या दाराकडे बघत बसतील. हे धरलं. कमिटीच्या मीटिंगला माझ्याशिवाय कुणी ताटकळत नाही, उलट मीटिंग लवकर संपते. ते सोडलं, रीतसर सांगून. स्टेजवरची कामं पण थोडे महिने कमी केली, कारण तिथे चेहऱ्यावर तेज आणायला लागतं आणि मी खोटं तेज आणण्यात चांगलीच तरबेज झाले होते.

नवीन जबाबदारी मात्र या काळात अजिबात घेऊ नका. शांतता टोचते म्हणून माणूस कामात बुडवून घेतो, वरून ती निष्ठा दिसते, लोक कौतुकही करतात. मीही सुरुवातीला तेच केलं, ती पाच ठिकाणं त्यातूनच आली.

हाताची कामं वाढवा. खुर्च्या लावणं, झाडणं, पुस्तकं मांडणं, हजेरीची वही भरणं. डोकं आणि मन साथ देत नसतं तेव्हा हात देतात. आणि रात्री आज काय वाटलं हे लिहायच्या ऐवजी आज काय केलं हे लिहा, एका ओळीत. धडा घेतला. फोन केला. माफी मागितली. महिन्याने ती पानं बघितली तर वाटणं आणि होणं यात केवढा फरक होता ते दिसतं.

एका माणसाला सांगा

एकाला. दहाजणांना नाही, आणि कुणालाच नाही असंही नाही. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता, ज्याने स्वतः येशूकडे बोट दाखवून सांगितलं होतं की हाच तो, त्यानेच आतून माणसं पाठवून विचारलं, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. येशू रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढं जाऊन सांगा म्हणाला, आणि ती माणसं परत निघाल्यावर लोकांसमोर योहानाचं केवढं कौतुक केलं. गंमत म्हणजे योहानाच्या कानावर ते कौतुक पडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते प्रत्येक वेळी आपल्यापर्यंत येतंच असं नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली, त्या गेल्यावर दहा वर्षांनी, बाहेर आली तेव्हा जग चकित झालं होतं, कारण गरिबांमधलं काम सुरू झालं साधारण तेव्हापासून त्यांच्या आत अंधार होता आणि तो जवळजवळ ५० वर्षं राहिला. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये काही आठवडे उजेड पडला आणि परत गेला. काहीजण म्हणाले ही ढोंगी. मला तसं वाटत नाही, कारण ज्या थोड्या धर्मगुरूंना सांगायचं त्यांना त्यांनी अगदी स्पष्ट लिहून सांगितलं होतं. सगळ्या जगाला सांगायचं बंधन कुणावर नाही, पण कुणातरी एकाला तरी खरं माहीत असावं. आणि हो, ५० वर्षांचं ऐकून लगेच आपणही त्याच रांगेतले असं समजू नका, आपलं बऱ्याचदा झोपेने आणि दोन कमिट्या सोडल्याने बरंच हलकं होतं.

माणूस निवडताना असा निवडा जो ऐकून लगेच बायबलची तीन वचनं पाठवणार नाही. त्याला आधीच सांगा, मला उपाय नकोय, महिन्यातून एकदा विचार, अजून तसंच आहे का, बास.

सोडायचीच वेळ आली तर

देव गप्प आहे एवढं कारण सोडायला पुरेसं नाही असं मी म्हणते, पण दुसरी कारणं असतात. शरीर साथ देत नाही, घर मोडायला आलंय, तुमच्या कोरडेपणाचा राग मुलांवर किंवा आजाऱ्यांवर निघायला लागलाय, किंवा वरचा कुणी लीडर म्हणतोय की तुझ्यात विश्वास नाही म्हणून देव गप्प आहे, आणखी सेवा कर म्हणजे बोलेल. हे शेवटचं ऐकलं की बॅग उचला. देवाच्या मौनाचा असा चाबूक करायचा अधिकार कुणालाही नाही.

पण जाताना पाळी पूर्ण करून जा. दूताशी बोलून बाहेर आला तेव्हा जखऱ्याची वाचा गेली होती. घरी निघून जायला एवढं कारण बास होतं, मुका याजक काय कामाचा. पण लूक लिहितो की सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो घरी गेला. म्हणजे उरलेले दिवस तो मुक्यानेच सेवा करत राहिला. तेव्हा चावी कुणाला द्यायची, मुलांची यादी, कुठल्या मुलाला वाचायला जमत नाही आणि त्याला सगळ्यांसमोर वाचायला सांगायचं नाही, हे सगळं लिहून पुढच्या माणसाच्या हातात देऊन मग निघा.

आणि बोलला तर

बोलला तर तुमच्या प्रश्नाचंच उत्तर मिळेल याची खात्री नाही. ईयोबाला का हे कळलंच नाही. एलीयाला होरेबवर तीन कामं मिळाली, हजाएलाला आणि येहूला राजा म्हणून आणि अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक कर, म्हणजे परत सेवाच. लहानगा शमुवेल, ज्या काळात परमेश्वराचं वचन दुर्मिळ झालं होतं त्या काळात एली याजकाच्या हाताखाली वाढला, रात्री हाक आली ती त्याला एलीचीच वाटली आणि तो तीनदा उठून त्या म्हाताऱ्याकडे धावत गेला, कारण हाक आली की उठायचं एवढंच त्याला येत होतं. चौथ्यांदा देव बोलला, आणि जे बोलला ते भयंकर होतं, एलीच्या घराचा न्याय. पोरगा सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. रोजच्यासारखी. एवढं ऐकून झाल्यावरसुद्धा आधी दारं उघडायची होती.

माझं कधी संपलं विचाराल तर तारीख नाही. एक दिवस लक्षात आलं की ती तू म्हणून लिहायची वही तीन आठवडे उघडलेली नाही. तो बोलला का? नाही असं म्हणवत नाही आणि हो म्हणायची हिंमत होत नाही, एकदा पोळलेय, म्हणून एवढंच लिहिते.

मागच्या महिन्यात धडा जखऱ्याचाच होता. बाहेर लोक वाट बघत थांबलेत, याला एवढा उशीर का झाला, आणि तो बाहेर आला तर बोलताच येईना, इथपर्यंत सांगितलं आणि विचारलं मग त्याने काय केलं असेल. पुढे बसणारा सात वर्षांचा, जो एरवी बाकाखाली असतो, तो उठून उभा राहिला, तोंड घट्ट मिटलं, आणि दोन्ही हातांनी आम्हाला काहीतरी सांगत राहिला, बराच वेळ. बाकीची पोरं हसायला लागली तरी त्याचं चालूच. शेवटी मी विचारलं, अरे काय सांगतोयस? तोंड न उघडता त्याने जोरात मान हलवली, म्हणजे सांगता येत नाही ना टीचर, आणि परत हात हलवायला लागला.